काळी ती माती

“फिरणाऱ्या पंख्याकडं मी बघत नाही,” असं विल्फ्रिदो इन्स्फ्रान म्हणायचा.

म्हणायचा, असं मी लिहितो आहे, जणू तो मेला आहे. तो मेलेला नाही. वाक्य मेलं आहे. किलोमीटर तीनशे दहावर आता ते कुणी उच्चारत नाही. चुकून तोंडून निघालंच, तर बोलणारा मध्येच थांबतो आणि रस्त्याकडं बघायला लागतो.

आमच्या वस्तीला नाव आहे, पण ते नकाशावर. राजधानीपासून जितके किलोमीटर, तेच चाको नावाच्या या कोरड्या मुलखातल्या रस्त्यावर गावाचं नाव. माझं टायरचं दुकान आणि त्याचं वायरिंगचं दुकान यांच्यामध्ये एक सामुऊचं झाड आहे. पोट सुटलेल्या माणसासारखं खोड, अंगभर काटे. त्याच्या सावलीवर दोघांचा सारखाच हक्क. सकाळी बर्फ तो आणायचा, पाला मी कुटायचो, आणि तेरेरेचं शिंग, म्हणजे त्या गार काढ्याचा नळी लावलेला शिंगाचा पेला, दिवसभर आमच्या दोघांत फिरत राहायचं. कुणी गिऱ्हाईक आलं की तेही फेरीत.

या फेरीत एक शब्द जपून वापरायचा असतो: ग्रासियास. तो आभाराचा शब्द असला तरी इथं निरोपाचा आहे. रिकामं शिंग परत देताना तो म्हटला, की तुम्ही फेरीतून उठलात. पुढचं शिंग तुमच्याकडं येत नाही. जवळच्या डेअरीत नवाच आलेला एक परदेशी इंजिनिअर पहिल्याच घोटाला ग्रासियास म्हणाला आणि बेचाळीस अंशांत दोन तास कोरडा बसून राहिला. शेवटी विल्फ्रिदोला दया आली. म्हणाला, “साहेब, सभ्यपणा जरा आवरा. नाहीतर तहानेनं मराल.”

असा होता तो. कमी बोलायचा, पण बोलला की लोक ते वाक्य घरी घेऊन जायचे.

गाडी तापते म्हणून कुणी आलं, की आधी एकच प्रश्न: उभी असताना तापते की पळताना? पळताना तापत असेल तर पंख्याला विचारू नका, पळत्या गाडीला वारा देव देतो. उभी असताना, खड्ड्यांतून, दुसऱ्या गिअरात तापत असेल तर पंख्याची गचांडी धरा. मग इंजिन बंद करून तो लाकडाच्या काडीनं पातं ढकलायचा. बोटानं कधीच नाही. काही पंखे इंजिन झोपल्यावरही जागे होतात, आणि आमच्या रस्त्यावर साडेतीन बोटांचे दोन ड्रायव्हर आहेत. पातं सहज फिरलं तर बॅटरीवरून थेट दोन वायरी. फिरला? मग मोटर जिवंत आहे, दोष मागं आहे. फ्यूज बघा, रिले बघा, नाहीतर तो सेन्सर बघा, जो पाण्यात बुडून बसलेला असतो आणि ताप चढला की पंख्याला हाक मारतो.

एका कलिंगडवाल्याचा रिले जळला होता. नवा मिळायला राजधानी गाठावी लागणार. विल्फ्रिदोनं त्याच्या भोंग्याचा रिले उपसला आणि पंख्याच्या जागी बसवला. दोन्ही एकाच जातीचे. पंखा घुमायला लागला. “आता भोंगा वाजणार नाही,” तो म्हणाला. “वाटेत गाय आडवी आली तर खाली उतरून विनंती करायची.”

पण हे सगळं, पंखा फिरत नसला तर. फिरत असला, तर तो वाकायचासुद्धा नाही. टोपी डोळ्यांवर ओढून कान पुढं करायचा, गुरगुर ऐकायचा, आणि पंख्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडून द्यायचा. मग पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, हेड गॅस्केट, एकेकाला उभं करायचा. त्याचा कान कधी चुकला नव्हता. निदान आम्हाला तसं माहीत होतं.

आणि त्याची गाठ. आमच्याकडच्या रस्त्यांवर चिकटपट्टीचा सांधा सहा महिनेही टिकत नाही, हादऱ्यांनी सुटतो. विल्फ्रिदो प्रत्येक सांधा मेणात भिजवलेल्या दोऱ्यानं बांधायचा, मासे धरायच्या दोऱ्यानं. त्याचा बाप गुरं पकडायचे फास वळायचा. गाठ त्याच्याकडून आलेली. तीन वेढे, चौथा उलटा, टोक आत गिळलेलं. ओढली तर घट्ट होते, जाळली तरच सुटते. शंभर किलोमीटरवर कुणी बॉनेट उघडलं आणि ती गाठ दिसली, की लोक म्हणायचे, ही इन्स्फ्रानच्या हातची. काहीजण गाडी विकताना ती मुद्दाम दाखवायचे.

इथं यायच्या आधी तो राजधानीच्या वेशीवरच्या एका आवारात होता. जपानहून जुन्या गाड्या जहाजानं पलीकडच्या समुद्रावर उतरायच्या, डोंगर ओलांडून आमच्याच रस्त्यानं तिथं जायच्या, आणि त्या आवारात त्यांचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडं नेलं जायचं. नुसतं चाक नेऊन भागत नाही. त्याच्यामागून वायरींचे जुडगे कापावे लागतात, लांबवावे लागतात, पुन्हा जोडावे लागतात. जपानी अक्षर कुणाला वाचता यायचं नाही. म्हणून भिंतीवर तेलाच्या रंगात एकच नियम लिहिलेला होता: काळी ती माती.

वीज काम करून ज्या वायरीनं परत जाते, तिला आम्ही माती म्हणतो. काळी वायर दिसली की ती मातीला, गाडीच्या पत्र्याला. बाकीच्या जिवंत. विल्फ्रिदो तो नियम एखाद्या प्रार्थनेसारखा म्हणून दाखवायचा आणि हसायचा. सहा वर्षं त्यानं तिथं काढली. दिवसाला दोन गाड्या. मग अकरा वर्षांपूर्वी कंटाळून इकडं आला.

आता न्या ब्लासिदाबद्दल. मानाच्या बाईला आमच्याकडं न्या म्हणतात, पुरुषाला डॉन.

न्या ब्लासिदा गाओना आमच्या आरोग्य केंद्राची सुईण, परिचारिका, आणि डॉक्टर येत नाही त्या दिवशी डॉक्टरही. डॉक्टर बहुतेक येत नाही. तीनशे दहावरची निम्मी पोरं तिच्या हातात पडलेली आहेत, माझी दोन्ही धरून. चार वर्षांपूर्वी केंद्राच्या समितीनं तिच्यासाठी राजधानीतून एक पांढरी जपानी गाडी आणली, दोन-तीन मालकांच्या हातून आलेली. अशा पांढऱ्या गाड्या या रस्त्यावर बगळ्यांइतक्या आहेत. एकीतून दुसरी ओळखू येत नाही. डांबरावर ती निमूट पळायची. आत वाड्यांकडं जाणाऱ्या कच्च्या वाटांवर तापायची.

ती गाडी विल्फ्रिदोकडं तीन वेळा आली. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, मग पंप बदलला, तिसऱ्या वेळी रेडिएटर उतरवून धुतला. तिन्ही वेळा टोपी डोळ्यांवर, कान पुढं. एकदा एवढंच म्हणाला, की आवाज जरा घोगरा आहे, पण फिरतोय. आणि न्या ब्लासिदाला म्हणाला, “बाई, पाणी बघत जा.”

“मी बाळंतिणींची नाडी बघते, रक्तदाब बघते, पोराचे ठोके बघते,” ती म्हणाली. “आता या बयेचं पाणीपण मीच बघू? तिला दिवस गेलेत का?”

तो हसला. मीही हसलो. पण ती बघायची. गाडीत मागं पाण्याचा वीस लिटरचा कॅन कायम भरलेला असायचा. मी स्वतः कितीदा भरून दिला आहे.

ऑगस्टमध्ये अनास्तासिओ मेरेलेसची बायको सुनिल्दा अडली. अनास्तासिओ आत अठ्ठावन्न किलोमीटरवरच्या एका वाडीवर गुरं राखतो. न्या ब्लासिदा पोचली तेव्हा मूल आडवं होतं. तिनं दोघांना गाडीत घेतलं आणि शहराच्या इस्पितळाकडं निघाली. दुपारचे दोन वाजले होते. उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता, जो आमच्याकडं माणसांना वेड लावतो.

अठराव्या किलोमीटरला पाणी उकळलं. थांबले, निववलं, भरलं. एकतिसाव्याला पुन्हा उकळलं. चव्वेचाळिसाव्याला तिसऱ्यांदा, आणि कॅन रिकामा झाला. तिथं सावली नाही, नुसते ताड. अनास्तासिओ डबक्याच्या शोधात गेला. डबडं भरून परत आला तेव्हा न्या ब्लासिदा मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिचे हात कोपरांपर्यंत लाल होते.

मूल जगलं. मुलगी आहे. सुनिल्दाला दुसऱ्या दिवशी आम्ही माती दिली. एकवीस वर्षांची होती.

स्मशानातून परतताना अनास्तासिओ एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता. बाईनं निघताना पाणी बघितलं नाही. मी पाहिलं, तिनं बॉनेट उघडलंच नाही. खरं असेल. अडलेली बाई विव्हळत असताना कोण बॉनेट उघडतं? पण ते वाक्य वस्तीत शिरलं आणि जागा धरून बसलं.

समितीचे अध्यक्ष डॉन कायो रेकाल्दे. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि आवाज मोठा आहे. त्यांनी गाडी ओढून विल्फ्रिदोच्या दारात आणली. मागं चाळीस माणसं. सगळ्यांना एक उत्तर हवं होतं. विल्फ्रिदोनं पाणी भरलं, इंजिन चालू केलं, ताप चढेपर्यंत थांबला. पंखा सुरू झाला. त्यानं टोपी ओढली.

“पंखा फिरतोय,” तो म्हणाला. “पंप ठीक आहे. गाडीत दोष नाही. पाणी कमी पडलं.”

चार वाक्यं. त्याहून जास्त तो बोलला नाही आणि त्यात खोटं काही नव्हतं, त्याला माहीत होतं तेवढ्यात. पण इथं विल्फ्रिदोनं सांगितलं म्हणजे कागदावर शिक्का पडला. न्या ब्लासिदा गर्दीच्या मागं उभी होती. ती एवढंच म्हणाली, की पंखा तर त्या दिवशीपण फिरत होता, शेवटपर्यंत मी ऐकत होते. कुणी मागं वळून पाहिलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर, पाणी बघायला हवं होतं बाईनं, असं मीही दोन-चार गिऱ्हाइकांना बोललो होतो.

त्यानंतर तिच्या दारावरची थाप थांबली. पोटुशा बाया नव्वद किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात जायला लागल्या. आणि तिच्या हातचं तेरेरेचं शिंग कुणी घेईना. ती केंद्राच्या ओसरीवर थर्मास, शिंग, पाला घेऊन बसायची. येणारा जाणारा लांबूनच मान हलवायचा, ग्रासियास, न्या ब्लासिदा, ग्रासियास. एकही घोट न घेता. तीस वर्षं तिनं या वस्तीला हातांनी बाहेर ओढलं होतं. आता वस्ती ते हात टाळत होती.

सप्टेंबरात समितीची नोटीस निघाली. येत्या रविवारी केंद्राच्या ओसरीवर बैठक. न्या ब्लासिदाकडून गाडीची किल्ली आणि काम काढून घ्यायचं की नाही ते ठरवायचं. साक्षीदार, विल्फ्रिदो इन्स्फ्रान.

त्याआधीच्या गुरुवारी ती स्वतः गाडी घेऊन आली. विल्फ्रिदोसमोर किल्ली धरली आणि म्हणाली, अजून एकदा बघ. तो म्हणाला, बाई, मी चार वेळा बघितलंय.

“नाही,” ती म्हणाली. “तू चार वेळा ऐकलंयस.”

किल्ली बाकावर ठेवली आणि पायीच निघून गेली.

त्या दिवशी वारा नव्हता. उत्तरेचा वारा थांबला की चाकोत एक अशी घटका येते, जेव्हा हवा मेल्यासारखी पडून राहते. सामुऊची बोंडं फुटायचे दिवस. झाडावरून पांढरा कापूस सुटत होता आणि खाली येताना वाट विसरत होता. विल्फ्रिदोनं तिच्या गाडीचं इंजिन चालू करून ठेवलं. शेजारी एका शिक्षकाची हिरवी गाडी आधीच चालू होती, तिच्या बॅटरीचं काम होतं. मी टायरला ठिगळ लावत होतो. दोन्ही पंखे सुरू झाले, ते मला ऐकू आलं.

हिरव्या गाडीच्या जाळीवर कापूस येऊन चिकटत होता. श्वास आत घ्यावा तशी ती गाडी त्याला ओढत होती. तोंडावर पांढरी दाढी उगवली होती. दर सप्टेंबरात सगळ्या गाड्यांना ती उगवते. आम्ही झाडूनं काढतो.

पांढऱ्या गाडीसमोर कापसाचा एक पुंजका खाली आला. जाळीपासून वीतभर अंतरावर थांबला. थरथरला. आणि मागं गेला. विल्फ्रिदोच्या बुटापाशी येऊन पडला.

दुसराही तसाच.

विल्फ्रिदो शिंग तोंडाला लावून बसला होता. त्यानं शिंग खाली ठेवलं नाही. नळी ओठात तशीच. मी त्याचे डोळे बघितले आणि माझ्या हातातलं ठिगळ वाळून गेलं. मग तो उठला, गाडीसमोर गेला आणि तळहात जाळीसमोर धरला. भाजल्यासारखा ओढून घेतला. पुन्हा धरला. गरम हवा पुढं येत होती. इंजिनाची उष्णता पंखा रेडिएटरमधून बाहेर, तोंडाकडं ढकलत होता. पळताना समोरून येणारा वारा त्याला हरवायचा, म्हणून डांबरावर गाडी शहाणी. वेग कमी झाला, की आपलाच ऊन श्वास आपल्याच तोंडावर.

पंखा फिरत होता. चार वर्षं फिरत होता. उलटा.

असं कधी होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, पण माझ्याकडं न बघता. मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते. बस, एवढंच. कुठल्यातरी गाढवानं उलट जोडल्यात. हे म्हणताना त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. दोष सापडला होता, आणि दोषाला कुणीतरी दुसरा मालक होता.

त्यानं इंजिन बंद केलं. डाव्या दिव्याच्या मागं वायरींवर काळी नळी चढवलेली होती, तेलानं माखलेली, कधी कुणी न उघडलेली. चाकूनं ती उभी चिरली. आत हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

मी जवळ गेलो. तीन वेढे, चौथा उलटा, टोक आत गिळलेलं. मेण काळं पडलं होतं. गाठ जराही ढिली झाली नव्हती.

 कापूस पडत होता. शिक्षकाची गाडी दाढी वाढवत उभी होती. विल्फ्रिदो जमिनीवर बसला, धक्क्यानं नाही, हळूच, म्हातारे बसतात तसा. मग म्हणाला,

“काळी ती माती, दोस्ता.”

त्यानं मला दाखवलं. या गाडीत काळी वायर जिवंत होती. माती होती ती पांढरी, तिच्यावर केसाएवढी काळी रेघ. जपान्यांनी माती पांढऱ्यात ठेवली होती. त्यानं नियमाप्रमाणं काळीला माती दिली, पांढरीला जीव दिला. बटण दाबलं असेल, पंखा फिरला असेल, बॉनेट बंद केलं असेल. दुसरी गाडी घ्या.

मी म्हणालो, एक चूक होते माणसाच्या हातून. मला काहीतरी म्हणायचं होतं.

“एक नाही,” तो म्हणाला. “त्या जहाजानं या जातीच्या साठ आल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या.”

आणि त्यानं रस्त्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. एक पांढरी गाडी उत्तरेकडं गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एक. इतकी वर्षं मी या रस्त्यावर गाड्या बघत बसलो आहे. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली.

मी म्हणालो, आत्ता जा आणि तिला सांग. तो म्हणाला, रविवारी. मी म्हणालो, ती तीन रात्री झोपणार नाही. तो म्हणाला, ती चाळीस माणसांसमोर मेली, मी तिला एकटीला स्वयंपाकघरात काय सांगू? वायरींना हात लावला नाही. नळी पुन्हा मिटवली, वरून पट्टी गुंडाळली, आणि गाडी जशी होती तशी केंद्रावर नेऊन उभी केली.

शुक्रवारी त्यानं दुकान उघडलं नाही. शनिवारीही नाही. तीनशे दहावरून बाहेर जाणारी बस दिवसाला दोनदा थांबते. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून बघत होतो, तो चढतोय का.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे केंद्रावर जमले. न्या ब्लासिदा ओसरीच्या टोकाला खुर्चीवर बसली होती, मांडीवर शिंग, पायाशी थर्मास. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. अनास्तासिओ समोरच्या बाकावर, मुलीला कुशीत घेऊन. मुलगी झोपली होती. पांढरी गाडी ओसरीकडं तोंड करून उभी होती, शेजारी डॉन कायोंची जीप.

विल्फ्रिदो आला तेव्हा डॉन कायोंचं भाषण अर्ध्यावर होतं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात पक्कड. लोकांनी वाट दिली. डॉन कायोंनी नोटिशीवरचा प्रश्न वाचला: डॉन विल्फ्रिदो, गाडीत दोष होता की नव्हता?

विल्फ्रिदोनं किल्लीसाठी न्या ब्लासिदासमोर हात पसरला. तिनं दिली. त्यानं गाडी चालू केली आणि एसी लावला. एसी लावला की पंख्याला तापाची वाट बघावी लागत नाही. पंखा घुमला. मग तो डॉन कायोंकडं गेला, त्यांच्या हातातली नोटीस काढून घेतली आणि गाडीच्या जाळीवर टेकवून सोडून दिली.

नोटीस उडाली आणि डॉन कायोंच्या बुटांवर पडली.

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. विल्फ्रिदोनं कागद उचलला. जीप चालू केली, तिच्या जाळीवर कागद ठेवला, हात काढला. कागद तिथंच राहिला, पाकिटावरच्या तिकिटासारखा. पुन्हा काढला, पुन्हा पांढऱ्या गाडीवर. पुन्हा उडाला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी हसणारा गप्प झाला होता.

“म्हणजे पंखा उलटा आहे?” डॉन कायो म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, कुणातरी लहान माणसाचा होता. “म्हणजे पाणी असतं तरी...”

 ओसरीवर एक हालचाल झाली, माणसं बसल्या जागी मागं सरकली. बाया न्या ब्लासिदाकडं बघायला लागल्या आणि लगेच नजर काढून घ्यायला लागल्या. ती समोर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला वाटतं ती चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला होती.

अनास्तासिओ उठला. मुलगी त्याच्या खांद्यावर. तो गाडीपाशी आला, जाळीसमोर हात धरला, आणि गरम हवा त्याच्या बोटांवर आली तशी त्याची मान हळूहळू खाली गेली.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं.

विल्फ्रिदोनं बॉनेट उघडलं. पट्टी सोडली, नळी फाकवली, पक्कड आत घातली. दोनदा आवाज झाला. पंखा थांबला. त्यानं वायरींची टोकं दातांनी सोलली, अदलाबदल केली, पिळली, पंखा पुन्हा घुमला. त्यावर साधी चिकटपट्टी गुंडाळली. अकरा वर्षांत मी त्याला सांध्यावर पट्टी लावताना पाहिलं नव्हतं. मग त्यानं नोटीस जाळीवर ठेवली आणि हात काढून घेतला.

कागद राहिला.

कापलेला तुकडा त्याच्या मुठीत होता. तो त्यानं अनास्तासिओच्या तळहातावर ठेवला. बोटभर लांबीचा. काळी वायर, पांढरी वायर, आणि त्यांना बांधणारी गाठ.

तिथल्या प्रत्येकाच्या गाडीत ती गाठ होती. कुणाला कुणाचं नाव सांगावं लागलं नाही. मी माणसांना दचकताना पाहिलं आहे, टायर फुटतो तेव्हा. इथं काही फुटलं नव्हतं. पंखा चालू होता, सरळ, गुळगुळीत आवाजाचा, आणि त्या आवाजाखाली चाळीस माणसं त्या तुकड्याकडं बघत उभी होती. अनास्तासिओ गाठ अंगठ्यानं चाचपत होता, सुटते का ते बघत असल्यासारखा. मुलगी जागी झाली. रडली नाही.

डॉन कायोंनी किल्ली गाडीतून काढली. ओसरीच्या टोकाला जाऊन न्या ब्लासिदाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, आणि परत येताना त्यांना कुठं उभं राहावं ते कळेना.

न्या ब्लासिदानं थर्मास उचलला. शिंगात पाणी ओतलं. बर्फाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती खुर्चीवरून उठली नाही. हात लांब करून शिंग विल्फ्रिदोसमोर धरलं. सवयीनं धरलं, की आणखी कशानं, ते तिलाच ठाऊक. आठवड्यांमागून आठवडे ते शिंग कुणी घेतलं नव्हतं.

विल्फ्रिदो तिच्यापर्यंत चालत गेला. टोपी काढली. शिंग दोन्ही हातांनी घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायला, तळाशी खरखर होईपर्यंत. रिकामं शिंग तिच्या हातात दिलं.

आता तो निरोपाचा शब्द येणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्याचे ओठ हललेही. न्या ब्लासिदा वाट बघत होती, शिंग हातात, मान किंचित वर.

त्यानं टोपी घातली आणि काहीही न बोलता फाटकातून बाहेर पडला.